उपहास, अपमान आणि आपला धम्म



गेल्या वर्षावासातील गोष्ट आहे. आमच्या किन्हीराजाच्या विहारात रात्री 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. दिवसभर सोयाबीनात निंदण-डवरणी करून आलेली माणसे भिंतीला पाठ टेकून ऐकत होती. वाचन माझ्याकडे होते. मध्येच मागे बसलेल्या मुलांत कुजबुज सुरू झाली आणि एक मोबाईल या हातातून त्या हातात फिरू लागला. बारावीत शिकणारा एक मुलगा उठून पुढे आला. फोन माझ्यासमोर धरून म्हणाला, "सर, हे पाहा. बाबासाहेबाले गोगलगायीवर बसवलं त्यायनं!"

चित्र जुने होते. मी ते ओळखले. परंतु चित्राखाली कोणीतरी मराठीत एक नवी ओळ लिहिली होती. तीत आपल्या पूर्वीच्या जातीचे नाव होते, आणि त्या नावापुढे जे होते ते या पाक्षिकात छापण्याच्या लायकीचे नाही. पाठवणारा शेजारच्या गावचा. मुले म्हणू लागली, "सर, गाड्या काढतो." एक म्हातारी तेवढी शांत होती. ती म्हणाली, "पुस्तक मिटू नका गुरुजी. पह्यले वाचून होऊ द्या, मंग काय करायचं ते करा."

त्या रात्रीचा भाग आम्ही पुरा वाचला. पण रात्रभर मला झोप लागली नाही. माझेही रक्त तापले होते, हे मी लपवीत नाही. माझे आजोबा सालगडी होते. मालकाच्या चाबकाचा वळ त्यांच्या पाठीवर अखेरपर्यंत होता आणि तो मी लहानपणी बोटाने चाचपून पाहिलेला आहे. त्या चित्रातही आसूड आहे. म्हणून हा प्रश्न मी कोरड्या पुस्तकी बुद्धीने मांडत नाही. प्रश्न असा की, आपल्या श्रद्धास्थानाचा कोणी उपहास केला तर बौद्धाने काय करावे? आणि वृत्तपत्राला व व्यंगचित्रकाराला असा उपहास करण्याचे स्वातंत्र्य असावे काय? नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी तर या प्रश्नाचा अवश्य विचार करावा. कारण जुना धर्म सोडताना आपण देव सोडले. परंतु देवासाठी चिडण्याची सवय सोडली काय, हे तपासणे बाकी आहे.

प्रथम ते चित्र काय आहे ते पाहू. के. शंकर पिल्लई हे भारतीय व्यंगचित्रकलेचे एक आद्य पुरुष. त्यांच्या 'शंकर्स वीकली' या साप्ताहिकात १९४९ साली हे चित्र आले. राज्यघटना ही एक गोगलगाय आहे. तिच्यावर हाती आसूड घेऊन बाबासाहेब बसले आहेत. मागे पंडित नेहरू आसूड उगारून उभे आहेत आणि लोकांची गर्दी ते पाहत आहे. घटना तयार व्हायला फार वेळ लागतो आहे, ही त्या वेळची टीका चित्रात उतरली होती. पुढे २००६ साली एनसीईआरटीने अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात हे चित्र घेतले आणि खाली विद्यार्थ्यांना विचारले की, घटनासमितीला इतका वेळ का लागला असावा?

सहा वर्षांनी वादळ उठले. ११ मे २०१२ रोजी संसदेत हा विषय निघाला. शिक्षणमंत्री कपिल सिब्बल यांनी क्षमा मागून चित्र काढून टाकण्याचे जाहीर केले. पुस्तकाचे मुख्य सल्लागार योगेंद्र यादव व सुहास पळशीकर यांनी त्याच दिवशी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात प्रा. पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. ती करणारे 'जय भीम' म्हणणारे होते. नंतर डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाठ्यपुस्तकांतील अनेक व्यंगचित्रे वगळण्याची शिफारस केली. समितीतील एक सदस्य, ब्राह्मणेतर चळवळीचे अभ्यासक एम. एस. एस. पांडियन यांनी मात्र आपले भिन्न मत नोंदविले. म्हणजे फुले-आंबेडकरी विचारांच्या माणसांतही या प्रश्नावर एकमत नव्हते, हे ध्यानात घ्यावे.

आता आपली बाजू नीट मांडू, कारण ती खोटी नाही. शंकरांना कदाचित आसूड म्हणजे केवळ घाई एवढेच म्हणायचे असेल. पण ज्यांच्या पाठीवर आसूड पडले त्यांच्या नातवंडांना ते चित्र तसे दिसत नाही. काश्मिरी पंडिताच्या हातात चाबूक आणि समोर बाबासाहेब, हे दृश्य पाहून वर्गातील आपल्या मुलाकडे इतर मुले वळून पाहतात. हा अनुभव ज्याला नाही त्याने 'विनोदबुद्धी नाही' असे आपल्याला म्हणू नये. उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९५६ या काळातील बाबासाहेबांवरील शंभरावर व्यंगचित्रे एकत्र करून २०१९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. तो चाळला की दिसते की, बाबासाहेबांना खुजे, चिडखोर, कृतघ्न असे रंगविण्यात त्या वेळच्या मोठ्या वृत्तपत्रांना काही संकोच वाटत नव्हता. वृत्तपत्रस्वातंत्र्य होते, पण वृत्तपत्र कोणाचे होते? १९२० साली 'मूकनायक' निघाले तेव्हा पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला, हा इतिहास आहे. छापखाना एकाचा आणि पाठ दुसऱ्याची, अशी ती स्थिती होती.

तरीसुद्धा माझा प्रश्न उभाच राहतो. मग बाबासाहेबांनी काय केले?

'केसरी'ची कचेरी फोडायला त्यांनी कोणाला पाठविले नाही. त्यांनी स्वतःचे पत्र काढले. 'मूकनायक' बंद पडले तर १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढला, पुढे 'जनता', आणि १९५६ साली त्याचेच 'प्रबुद्ध भारत' केले. लेखणीला त्यांनी लेखणीनेच उत्तर दिले. आणि ज्या विलंबावरून त्यांना गोगलगायीवर बसविले गेले, त्या आरोपाला त्यांनी त्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीतच उत्तर दिले. त्यांनी हिशेबच मांडला. आपल्याला २ वर्षे ११ महिने १७ दिवस लागले. अमेरिकेला ४ महिने लागले, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष, कॅनडाला २ वर्षे ५ महिने आणि ऑस्ट्रेलियाला ९ वर्षे. अमेरिकेच्या घटनेत कलमे अवघी ७, आपल्या घटनेत ३९५. शिवाय या सभागृहाला २,४७३ दुरुस्त्यांचा विचार करावा लागला, आणि त्या इतर घटनांच्या कर्त्यांवर दुरुस्त्यांचा असा प्रसंग आला नव्हता. एका सदस्याने मसुदा समितीला 'वाहवत जाणारी समिती' असे टोपणनाव दिले होते, कारण इंग्रजीत मसुदा आणि वाहवणे हे शब्द सारखे ऐकू येतात. बाबासाहेब त्यावर चिडले नाहीत. त्यांनी ते टोपणनाव स्वीकारले आणि हसत सांगितले की, वाहवण्याचेही दोन प्रकार असतात, आणि आम्ही वाहत असलो तरी सुकाणू आमच्या हातात होते.

बंधूंनो, पाठ्यपुस्तकात त्या चित्राखाली जो प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर हेच भाषण आहे. आपल्या मुलाने वर्गात उभे राहून हे आकडे सांगितले असते तर गोगलगाय कोणाची आणि हसू कोणाचे झाले असते? आपण मात्र चित्र काढायला लावले आणि त्याबरोबर प्रश्नही गेला, आणि उत्तर देण्याची संधीही गेली.

तथागतांची शिकवण याहून वेगळी नाही. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, ही कथा आहे. राजगृहाहून नालंदेकडे जाताना सुप्पिय नावाचा परिव्राजक वाटभर बुद्ध, धम्म आणि संघ यांची निंदा करीत होता. भिक्खू त्याविषयी बोलू लागले. तेव्हा भगवंतांनी सांगितले की, कोणी माझी, धम्माची वा संघाची निंदा केली तर तुम्ही रागावू नका. रागावलात तर हानी तुमचीच होईल. तो खरे बोलतो की खोटे, हे समजण्याची शक्तीच तुमच्यात उरणार नाही. जे खोटे असेल ते कसे खोटे आहे, हे समजावून सांगा. आणि कोणी स्तुती केली तर हुरळून जाऊ नका, हेही त्यांनी तेथेच सांगितले. जगात अनेक धर्मसंस्थापक झाले. परंतु स्वतःच्या निंदेला गुन्हा न ठरविता अनुयायांच्या विवेकाची परीक्षा ठरविणारे किती झाले, याचा आपण अभिमानाने विचार करावा. आपल्या धम्मात ईश्वर नाही, म्हणून ईश्वरनिंदाही नाही. बाबासाहेबांना आपण परमपूज्य मानतो, बोधिसत्त्व मानतो. पण विभूतिपूजा अधःपाताकडे नेते, हा इशारा २५ नोव्हेंबरच्या त्याच भाषणात त्यांनीच दिला आहे. देव्हाऱ्यातील एक मूर्ती काढून तेथे दुसरी ठेवली, एवढ्याने धर्मांतर पुरे होत नाही.

कोणी म्हणेल, ही झाली उपदेशाची भाषा. व्यवहारात आपण दुबळे आहोत, भावना दुखावल्याचा कायदाच आपल्याला तारील. या म्हणण्याचा मी पुष्कळ विचार केला, आणि मला उलटेच दिसते.

१९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचा चौथा खंड काढला. त्यात 'हिंदू धर्मातील कोडी' हा ग्रंथ होता. राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टाने भावना दुखावल्या असे म्हणून मोर्चे निघाले आणि शासन ते परिशिष्ट वगळण्यास तयार झाले. तेव्हा ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत आपल्या माणसांचा प्रचंड मोर्चा निघाला. विदर्भातून, मराठवाड्यातून माणसे भाकरी बांधून गेली. मागणी एकच होती: बाबासाहेबांचा शब्द कापू नका. अखेर शासन या मतांशी सहमत नाही अशी टीप घालून ग्रंथ राहिला. त्या दिवशी आपण विचारस्वातंत्र्याच्या बाजूला उभे होतो आणि 'भावना दुखावल्या' हे शब्द समोरच्याच्या तोंडी होते.

त्याही मागे जा. ज्योतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा अवतारकथांची कशी रेवडी उडविली! आपल्या जलशांनी गावोगाव देवांची थट्टा केली आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मनातले भय घालविले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याने कोणाच्याच भावना दुखावल्या नाहीत काय? भावना दुखावणे हाच गुन्हा मानला तर महाडचा अग्नी आधीच विझविला गेला असता.

आणि सर्वांत जवळचे उदाहरण तर आपल्या घरातलेच आहे. दीक्षेच्या दिवशी आपण २२ प्रतिज्ञा घेतल्या. अमुक देवांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, असे आपण सर्वांसमोर बोललो. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीत एका दीक्षासमारंभात ह्याच प्रतिज्ञा म्हटल्या गेल्या. तेथे उपस्थित असलेले दिल्लीचे मंत्री राजेंद्र पाल गौतम यांच्यावर हिंदू देवतांच्या अवमानाचा गदारोळ उठला आणि त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. नवदीक्षितांनो, तुमच्या तोंडची प्रतिज्ञाच कोणाला तरी अपमान वाटते, हे विसरू नका. भावना दुखावल्याचा दंडुका आपण जितका जाड करू तितका तो उद्या आपल्याच पाठीवर जाड बसेल. कारण संख्या त्यांची आहे, ठाणे त्यांना जवळ आहे आणि वृत्तपत्रेही बहुतांशी त्यांची आहेत.

मग काहीच सहन करण्यापलीकडचे नाही काय? आहे. येथेच मला भेद करावासा वाटतो. विचाराचा उपहास निराळा आणि माणसाचा अपमान निराळा. राम खरा की खोटा, घटनेला उशीर झाला की नाही, बौद्धांचे पुढारी का फुटले, ह्यांवर कोणी चित्र काढले तर ते विचारावर, कृतीवर, सत्तेवर काढलेले चित्र आहे. ते बोचले तरी त्याला उत्तर देता येते. परंतु माणसाला त्याच्या जन्मावरून हीन ठरविले, तर उत्तर कशाला द्यायचे? जन्माचे उत्तर कोणाजवळ असते? १९८८ च्या त्या मोर्चानंतर मुंबईत हुतात्मा चौक गोमूत्राने 'शुद्ध' करण्याचा प्रकार झाला. बाबासाहेबांच्या ग्रंथाने एका कथेला प्रश्न विचारला होता. त्या गोमूत्राने लाखो जिवंत माणसांना विटाळ ठरविले. दोन्ही गोष्टी 'अपमान' या एकाच शब्दाने ओळखल्या जातात, आणि सारा घोटाळा तेथेच होतो.

दुसऱ्या प्रकारासाठी कायदा आहे आणि तो आपण वापरलाच पाहिजे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जातीवरून सर्वांसमोर अपमान करणे गुन्हा आहे. १९९० पासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या माणसालाही अनुसूचित जातीचाच दर्जा आहे. धर्मांतर केले म्हणून हे संरक्षण जात नाही, हे नवदीक्षितांनी पक्के ध्यानात ठेवावे. २०१५ च्या दुरुस्तीने तर आपण ज्यांना आदरणीय मानतो अशा दिवंगत व्यक्तीचा अनादर करणे हाही गुन्हा ठरविला आहे. म्हणजे शस्त्र आपल्या हातात आलेले आहे. म्हणूनच ते केव्हा उचलायचे, हा विवेक आता आपल्याला अधिक हवा. प्रत्येक टीकेवर, प्रत्येक रेषेवर ते उचलले तर खऱ्या अत्याचाराच्या दिवशी त्याची धार गेलेली असेल.

हेच माप इतरांनाही लावले पाहिजे. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसला 'शार्ली एब्दो' या पत्राच्या कचेरीवरील हल्ल्यात बारा माणसे मारली गेली. त्याच महिन्यात त्या पत्राचे मुखपृष्ठ बातमीसोबत छापले म्हणून मुंबईच्या 'अवधनामा' या उर्दू दैनिकाच्या संपादिका शिरीन दळवी यांना अटक झाली. त्यांनी क्षमा मागितली, तरी पत्राची मुंबई आवृत्ती बंद पडली आणि त्यांच्यावर लपून राहण्याची पाळी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर आपल्याकडे घरोघर वाचल्या जाणाऱ्या 'लोकमत'मध्ये एका दहशतवादी संघटनेच्या पैशावर लेख आला. सोबतच्या चित्रात डुकराच्या आकाराचा गल्ला आणि त्यावर त्या संघटनेच्या झेंड्यावरील पवित्र अक्षरे होती. खानदेशात कचेऱ्यांवर दगड पडले; पत्राने दिलगिरी व्यक्त केली. दगड मारणाऱ्यांचे मी समर्थन करीत नाही. पण चित्र काढणाऱ्यालाही विचारतो: तुला दहशतवाद्याला मारायचे होते की बाजूला उभ्या असलेल्या गरीब मुसलमानाला?

कारण सम्यक वाचा केवळ ऐकणाऱ्याला लागू नाही. ती बोलणाऱ्याला, लिहिणाऱ्याला आणि रेषा ओढणाऱ्यालाही लागू आहे. अभय राजकुमाराला भगवंतांनी सांगितले होते की, खरे आणि हिताचे असेल ते अप्रिय असले तरी तथागत योग्य वेळ पाहून बोलतात. अप्रिय बोलण्याला त्यांची मनाई नाही. ते खरे आहे काय, हिताचे आहे काय, वेळ योग्य आहे काय, एवढे त्यांनी पाहायला सांगितले. संपादकाने आणि चित्रकाराने हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. ज्योतिबांच्या एका ग्रंथाच्या नावातही आसूड आहे, 'शेतकऱ्याचा असूड'. पण तो वरच्यावर उगारलेला होता. खालच्यावर उगारलेल्या आसुडाला विनोद म्हणायला मी तयार नाही. तरीही असा विनोद करणाऱ्याची कचेरी फोडायलाही मी तयार नाही. हे दोन्ही एका मनात धरणे कठीण आहे, पण मध्यम मार्ग सोपा आहे असे कोणी सांगितले?

आमच्या गावात काय झाले ते सांगून संपवितो. सकाळी आम्ही विहारात बसलो आणि त्या फोनवरील मजकुराचे दोन भाग केले. खालची जातीवाचक ओळ हा माणसाचा अपमान होता. तिच्याविरुद्ध पाच जणांनी सह्या करून ठाण्यात लेखी तक्रार दिली. वरचे चित्र ही टीका होती. तिच्यासाठी मुलांनी विहाराच्या फळ्यावर खडूने लिहिले, 'घटनेला वेळ का लागला?' आणि त्याखाली बाबासाहेबांचे आकडे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, २,४७३ दुरुस्त्या. रस्त्याने जाणारे इतर समाजाचे दोन-तीन जणही थांबून वाचून गेले.

ज्याने मला फोन दाखविला होता त्या मुलाचे समाधान झालेले नाही. "सर, तुम्ही शिकून मवाळ झालात," असे तो मला तोंडावर म्हणाला. मी त्याच्यावर रागावलो नाही. माझा वडील अंगठा उठवीत होता, मी घराण्यातला पहिला पदवीधर. शिक्षणाने माणूस मवाळ होतो की खंबीर, हा प्रश्न मलाही रात्री सतावतो. पण फळ्यावरचे ते आकडे त्याच मुलाने स्वतःच्या हाताने लिहिले होते आणि एकही चुकला नव्हता.

नव्याने धम्मात आलेल्या माझ्या बांधवांनो, आपल्या मुलांना बाबासाहेबांचा फोटो द्या, तसेच बाबासाहेबांचे उत्तरही द्या. फोटोला कोणी डाग लावू शकेल. पाठ झालेल्या, समजलेल्या उत्तराला डाग लागत नाही.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.